उपास, उपोषण की उपासमार?

न जेवण्यासाठी मराठीत तीन वेगळे शब्द आहेत. एकादशीला आपण उपास करतो. मागणी मान्य होत नाही म्हणून कुणी तहसील कचेरीसमोर उपोषणाला बसतो. आणि दुष्काळात घरात दाणा उरत नाही तेव्हा होते ती उपासमार. पोट तिन्ही वेळा रिकामेच असते. पण कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. उपास करणाऱ्याला कुणी बळेच घास भरवत नाही. उपोषणाला बसलेल्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. उपासमार झालेल्याला मात्र तातडीने मदत लागते.

हा भेद आम्हांला एका सापाने शिकवला. तोच भेद समजून घ्यायला विज्ञानाला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या इतिहासाची ही गोष्ट आहे.

२००९ साली आम्ही अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधन करत होतो. आमचा विषय पेशींचा होता, सापांचा नव्हे. पण शेजारीच सरपटणाऱ्या प्राण्यांची खोली होती आणि तिची देखभाल सर्वांनी आळीपाळीने करावी असा तिथला रिवाज होता. एका काचेच्या पेटीत सव्वा मीटर लांबीचा, काळ्या-तपकिरी नक्षीचा एक नर अजगर होता. जात बॉल पायथन. दर दोन आठवड्यांनी एक उंदीर, हा त्याचा ठरलेला रतीब. नोव्हेंबरात एके दिवशी त्याने उंदराकडे नुसते पाहिले आणि डोके वेटोळ्यात खुपसले. पुढच्या वेळीही तेच.

आम्ही घाबरलो. दर तीन दिवसांनी उंदीर पुढे धरू लागलो. पेटी बदलली, दिवा हलवला, 'जरा हालचाल होऊ दे' म्हणून त्याला रोज बाहेर काढून हातावर खेळवले. दोन महिने गेले. जानेवारीत आमच्यातल्या एकाने रबरी नळी आणि मोठी पिचकारी आणली आणि खिमा पातळ करून घशात घालायचे ठरवले. त्या खोलीत पुष्कळ वर्षे काम करणाऱ्या बाईंनी त्याचा हात धरला. "आधी वजन करा," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या सल्ल्यामागे काय होते ते आम्हांला पुढे कळले. आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ.

वारुळातला राजा

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंतच्या गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात तो राहतो. आपल्याकडच्या अजगराच्या मानाने तो अगदीच लहान. बहुतेक मोठे नमुने एक ते दीड मीटरचे. घाबरला की डोके मध्ये घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉर्ज शॉ याने १८०२ साली त्याला शास्त्रीय नाव देताना 'रेगियस', म्हणजे राजाचा, हे विशेषण लावले. ब्रिटनमध्ये आजही त्याला 'रॉयल पायथन' म्हणतात. बेनिन देशातल्या विदा या गावी या अजगरांचे देऊळ आहे आणि तिथले लोक त्यांना पूज्य मानतात.

त्याचे घर मात्र राजाचे नाही. उंदरांची बिळे आणि वाळवीची वारुळे यांत तो दिवस काढतो आणि अंधार पडल्यावर हालचाल करतो. घानामध्ये माद्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या सुमाराला, अंडी घालतात. अरुंद बीळ, अंधार आणि ऋतूंचे चक्र या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून हे अजगर पाळण्यासाठी युरोप-अमेरिकेत लाखांनी गेले. सुरुवातीला येणारे बरेचसे प्राणी रानातून पकडलेले असत. अंगावर गोचिडी, पोटात जंत, प्रवासाचा शीण. त्यांतले कित्येक खायलाच तयार नसत. 'हा साप खात नाही' अशी या जातीची ख्याती तेव्हाच झाली.

बळेच भरवण्याचा काळ

न खाणाऱ्या सापाचे काय करावे, हा प्रश्न त्याआधी प्राणिसंग्रहालयांना पडला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र इमारत उघडली. अशी इमारत जगात पहिलीच. मोठे अजगर ही तिथली मोठी आकर्षणे होती. ते महाग असत, दूरदेशांहून जहाजाने येत, आणि आल्यावर अनेकदा महिनोन्‌महिने काही खात नसत.

उपाय एकच सुचे. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात १८९९ पासून रेमंड डिटमार्स हे सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमुख होते. त्यांच्या काळात अडून बसलेल्या मोठ्या अजगराला अनेक माणसांनी ओळीने धरायचे, जबडा उघडायचा आणि मेलेले ससे काठीने घशात ढकलायचे, अशी रीत होती. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९३० च्या दशकात 'ब्लाँडी' नावाच्या जाळीदार नक्षीच्या अजगराला नळीतून खिमा भरवत. तेव्हा तिथे सापांचे काम मार्लिन पर्किन्स पाहत. हे भरवणे लोकांच्या देखत होई आणि ते बघायला मोठी गर्दी जमे.

ही माणसे निर्दय नव्हती. डिटमार्स आणि पर्किन्स दोघांनीही आयुष्यभर लोकांची सापांबद्दलची भीती कमी करण्याचे काम केले. पण न खाणारा प्राणी म्हणजे मरणाच्या वाटेवरचा प्राणी, हे गृहीत धरले होते. माणसाचे, कुत्र्याचे, गाईचे तसेच असते; मग सापाचे वेगळे कसे असेल? त्यांच्या लेखी ती सरळ उपासमार होती. जबरदस्तीने सापाच्या तोंडाला जखमा होतात, त्या चिघळतात, आणि धास्तावलेला साप भरवलेले बरेचदा ओकून टाकतो. ज्या उपायाने जगवायचे, तोच कधी कधी जिवावर बेते.

पॅरिसमधली आई

गंमत अशी, की सापाच्या उपासाला कारण असू शकते याचा एक सुंदर पुरावा याआधीच मिळालेला होता. त्याचा धागा भारतापर्यंत येतो.

लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी भारतात राहून परतला. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि त्या वेळी तिचे अंग गरम लागते, असे त्याने १८३० च्या दशकात पॅरिसच्या विद्वानांना सांगितले. थंड रक्ताचा प्राणी अंडी उबवतो, यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

मग १८४१ च्या मे महिन्यात पॅरिसच्या संग्रहालयातच एका आशियाई अजगराच्या मादीने १५ अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळे घातले. प्राणिशास्त्रज्ञ आशिल व्हालांसिएन रोज तापमापक घेऊन हजर. वेटोळ्यातले तापमान भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी जास्त भरले. लामार-पिको खरे बोलत होता.

आपल्या दृष्टीने त्या नोंदींतला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. जवळजवळ दोन महिने मादीने काहीही खाल्ले नाही. मात्र विसाव्या दिवशी ती अस्वस्थ आहे असे तिची देखभाल करणाऱ्या व्हाले नावाच्या सेवकाच्या लक्षात आले. त्याने पाण्याचे भांडे पुढे केले. मादीने तोंड बुडवले आणि दोनेक पेले पाणी अधाशीपणाने प्यायली. पुढे अंडी फुटेपर्यंत आणखी काही वेळा प्यायली. शेवटी आठ पिले बाहेर आली.

अन्न नको, पाणी हवे. व्हालेने हा फरक केवळ बघून ओळखला. अंडी उबवणाऱ्या मादीला ऊब कशी मिळते याचा उलगडा व्हायला मात्र १९६६ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात हचिसन, डाउलिंग आणि विनेगर यांनी मोजमाप करून दाखवले, की मादी स्नायूंना लयबद्ध आचके देते आणि त्यातून उष्णता तयार होते. बॉल पायथनची मादी अशी उष्णता निर्माण करत नाही. पण तीही दोन महिने अंडी सोडत नाही. फाब्रिस ऑब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोगोमध्ये केलेल्या अभ्यासात (२००५) दिसले, की तिच्या घट्ट वेटोळ्यामुळे अंड्यांतले पाणी उडून जात नाही. तिचे न जेवणे म्हणजे तिच्या कामाचाच एक भाग.

राखेखालचा निखारा

पण दोन-दोन महिने, किंबहुना अर्धे वर्ष, काही न खाता शरीर टिकते कसे?

बॉस्टनच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट नावाचे शास्त्रज्ञ होते. माणूस उपाशी राहिला तर शरीरात काय होते हे मोजण्यासाठी १९१२ साली त्यांनी माल्टा बेटावरच्या एका स्वयंसेवकाला ३१ दिवस केवळ पाण्यावर ठेवले. त्याचे वजन सुमारे ६० किलोंवरून ४७ किलोंवर आले. म्हणजे बावीस टक्क्यांच्या आसपास घट. उपासाचा हा अभ्यासक पुढे सापांकडे वळला. अजगर, कासवे, सुसरी यांना बंद कक्षांत ठेवून ते किती प्राणवायू घेतात आणि किती उष्णता देतात, याची मोजणी त्यांनी १९३२ साली मोठ्या ग्रंथात मांडली.

त्यातून निघणारे चित्र साधे आहे. माणूस हा सतत पेटती ठेवलेली चूल आहे. बाहेर थंडी असो वा ऊन, शरीर ३७ अंशांवर राखायचे, आणि बहुतेक सरपण त्यातच जाते. साप ही चूल पेटती ठेवत नाही. तो ऊब बाहेरून घेतो. राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यासारखा त्याचा अग्नी मंद असतो. तितक्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत विश्रांतीच्या वेळी त्याला साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी ऊर्जा लागते.

हे निरीक्षण नवे नव्हे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत अजगर आहे. आपणहून समोर येईल ते खावे, नाही आले तर बरेच दिवस निश्चल पडून राहावे, हे तो अजगराकडून शिकला. रानात अजगर पाहिलेल्या माणसांना हे ठाऊकच होते. विज्ञानाने त्याला आकडे दिले.

यातला एक आकडा थेट आपल्या बॉल पायथनचा आहे. आर्कान्सा विद्यापीठातले मार्शल मॅक्क्यू यांनी तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने अन्नावाचून ठेवले. त्यांत बॉल पायथन होते, उंदीर खाणारे रॅट स्नेक होते आणि खुळखुळ्या नागही होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की साप विश्रांतीचा ऊर्जाखर्च ७२ टक्क्यांपर्यंत कमी करू शकतात. आधीच मंद असलेला निखारा ते आणखी राखेखाली घेतात. आणि उपाशी असतानाही त्यांची लांबी थोडी वाढली!

खाणे हेही एक मोठे काम

त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी उलट बाजूने प्रश्न विचारला होता: उपास सुटतो तेव्हा काय होते? १९९५ आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे प्रयोग बर्मी अजगरावरचे आहेत. उपाशी अजगराचे आतडे आक्रसलेले असते आणि जठरात आम्ल जवळजवळ नसते. मोठे भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत लहान आतड्याचे वजन दुप्पट होते, जठरात तीव्र आम्ल साठते आणि शरीराचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या चाळीस पटींहूनही वर जाऊ शकतो. २००५ साली दुसऱ्या एका गटाने दाखवले, की दोन दिवसांत अजगराचे हृदयही ४० टक्क्यांनी वाढते. पचन संपले की सारे पुन्हा लहान.

कारखाना रोज चालणार नसेल तर यंत्रे थंड ठेवणे परवडते, तसेच हे. पण यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सापासाठी जेवण ही नुसती कमाई नसते. आधी भांडवल घालावे लागते. आणि हे सारे काम उबेवर चालते. अंग गार असेल तर पचन रेंगाळते, गिळलेला उंदीर पोटात सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. गार पेटीतला साप उंदीर नाकारतो तेव्हा तो हट्ट करत नसतो. त्या परिस्थितीत न खाणेच त्याच्या हिताचे असते.

मागणी काय आहे?

येथे आपण उपोषणाकडे येतो. इंग्रजीत पाळणारे लोक सापाच्या अन्नत्यागाला 'संप' म्हणतात. संप म्हटला की मागणीपत्रक आलेच. सापाचे मागणीपत्रक वाचायला विज्ञानाची आणखी तीन निरीक्षणे उपयोगी पडली.

पहिले निरीक्षण उबेचे. अजगरांच्या ओठांवर ओळीने लहान खळगे असतात. ते कशासाठी, हे पुष्कळ दिवस कळत नव्हते. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये नोबल आणि श्मिट यांनी खळगे असलेल्या सापांचे डोळे झाकून त्यांच्यापुढे कापडात गुंडाळलेले विजेचे दिवे हलवले. साप गरम दिव्यावर झेपावले, गार दिव्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले. खळगे उष्णता ओळखतात. शीतकपाटातून काढलेला गार उंदीर त्यामुळे अजगराच्या लेखी भक्ष्यच नसतो.

दुसरे निरीक्षण वासाचे. १९६७ साली गॉर्डन बर्गहार्ट यांनी नुकत्याच जन्मलेल्या, अजून एकदाही न खाल्लेल्या गार्टर सापांपुढे कापसाचे बोळे धरले. बोळ्यांना गांडूळ, मासा अशा वेगवेगळ्या प्राण्यांच्या त्वचेचा अर्क लावला होता. त्या त्या जातीचे रानातले जे अन्न, त्याच वासावर पिलांनी जिभा लवलवल्या आणि हल्ला केला. अन्नाची ओळख साप जन्मतःच वासातून घेऊन येतो.

तिसरे निरीक्षण रानातले. नायजेरियाच्या आग्नेय भागात लुइसेल्ली आणि अँजेलिची यांनी बॉल पायथन काय खातात याचा अभ्यास केला (१९९८). लहान अजगर आणि नर मुख्यतः पक्षी खात होते, मोठे अजगर आणि माद्या मुख्यतः सस्तन प्राणी. दुकानातला पांढरा उंदीर यांच्या पूर्वजांनी कधी हुंगलाही नव्हता.

या तिन्हींत वारुळातली वस्ती मिळवली की मागणीपत्रक पूर्ण होते. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास. म्हणजे साप आपली ऊब आपण निवडेल. दोन्ही टोकांना अंग सर्व बाजूंनी टेकेल अशी घट्ट, अंधारी लपण. हवेत पुरेसा ओलावा. ताजे पाणी सदैव. उंदीर मारलेला असावा, पूर्ण वितळवलेला, कोमट पाण्याच्या उबेने अंगच्या उबेइतका गरम केलेला, आणि तो संध्याकाळनंतर लांब चिमट्याने द्यावा. घेतला नाही तर त्याला कोंबडीच्या पिलाच्या पिसांचा वास लावून पाहावा. तरीही नाही घेतला तर उचलून टाकावा आणि दहा ते चौदा दिवस सापाला मुळीच हात लावू नये. जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडणे वाईट. न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडतो आणि त्या जखमांनी साप मरू शकतो.

आता आमच्या चुका मोजून पाहा. दर तीन दिवसांनी उंदीर. पेटीची अदलाबदल. जागा बदललेला दिवा. रोज हाताळणी. जे चार अंगांनी लपू पाहत होते, त्याला आम्ही रोज उघड्यावर आणत होतो!

धोका कधी ओळखावा?

उपास आणि उपोषण यांपलीकडे खरी उपासमारही असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे हा अपराधच. वजन पूर्वीच्या दहा टक्क्यांहून अधिक घटले, पाठीचा कणा उठून दिसू लागला, श्वास घरघरू लागला, तोंडात लाळेचे तंतू किंवा पिवळट पू दिसला, खाल्लेले वारंवार ओकले जाऊ लागले, तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे जायला हवे. अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिले मोठ्यांइतकी तग धरू शकत नाहीत. रानातून पकडलेल्या प्राण्याची विष्ठा जंतांसाठी तपासावी लागते. नळीने भरवणे हा डॉक्टरने करायचा, अगदी शेवटचा उपाय.

आणि तहान. भूक सोसणारा साप तहान तितकी सोसू शकत नाही. पॅरिसच्या व्हालेला हे दिसले. आपल्याकडे नागपंचमीला याच गोष्टीचा गैरफायदा घेतला जात आला आहे. आधी अनेक दिवस पाणी न दिलेला नाग समोर येईल ते पितो, दूधही पितो. ते त्याला पचत नाही आणि पुढे तो मरतो. बघणाऱ्याला वाटते नागोबा प्रसन्न झाला.

आपल्याकडे

हा प्रश्न आता केवळ परदेशातला राहिलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. पाकिटात कोंबलेला साप कसा असेल आणि घरी पोचल्यावर किती दिवस अन्नाला तोंड लावणार नाही, हे आता वाचकांना सांगायला नको.

आपल्या देशी अजगराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तो पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींत मोडतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा जाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. एखाद्या विद्यार्थ्याने 'आमच्या शेजाऱ्यांकडचा अजगर जेवत नाही' असे सांगितले, तर 'रानात सोडून दे' हा सल्ला देऊ नये. परक्या रानात तो प्राणी मरेल तरी, नाहीतर आपले रोग इथल्या सापांना देईल. वनविभागाला कळवणे हाच मार्ग.

वर्गात एक हिशेब मात्र करून घेण्यासारखा आहे. बेनेडिक्ट यांच्या स्वयंसेवकाचे वजन ३१ दिवसांत २२ टक्के घटले. आमच्या सापाचे नोव्हेंबर ते एप्रिल या साधारण १५० दिवसांत १,६०० ग्रॅमवरून १,५२० ग्रॅम झाले. रोजची टक्केवारी काढायला सांगा आणि दोन्हींची तुलना करा. अर्थात एका सापावरून नियम ठरत नाही, हेही त्याच तासाला सांगावे.

वहीतली नोंद

शेवटी त्या सापाचे काय झाले, हे सांगायला हवे. बाईंच्या सांगण्यावरून आम्ही वजन केले. घट तीन टक्क्यांहूनही कमी होती. मग त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. त्या सापाने कोणत्या तारखेला खाल्ले, कोणत्या तारखेला नाकारले आणि दर महिन्याचे वजन, असे सात वर्षांचे तपशील पेन्सिलीने लिहिलेले होते. सातपैकी पाच वर्षी त्याने नोव्हेंबरच्या आसपास खाणे बंद केले होते आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा सुरू केले होते. खोलीतला दिवा बारा महिने सारखाच जळत असे, तरी कसा कोण जाणे, त्याला हंगाम कळत होता.

वही त्याच खोलीत होती. आम्ही सहा जण, त्यांतले चौघे डॉक्टरेट मिळवलेले, आणि एकालाही ती उघडावीशी वाटली नव्हती. त्या दिवसापासून पेटीला हात लावणे बंद केले, लपण पुन्हा ठेवली, पाणी बदलत राहिलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने गरम केलेला उंदीर चिमट्यावरून झडप घालून घेतला. बाईंनी तारीख लिहिली.

ज्या सेंट लुइसमध्ये एके काळी ब्लाँडीला नळीने भरवत, तिथेच १९६१ साली एका माणसाने आपली बॉल पायथन मादी दिली होती. २०२० च्या जुलैमध्ये, अंदाजे ६२ वर्षांची असताना, तिने सात अंडी घातली. पंधराएक वर्षांत ती एकाही नराजवळ गेलेली नव्हती. एवढ्या दीर्घ आयुष्यात पाच महिन्यांचा उपास तो केवढा!